युरिक आम्ल, ड्युको आणि मोटारीवरचा डाग

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात आम्ही उत्सर्जनाविषयी बोलत होतो. मासे अमोनिया टाकतात, सस्तन प्राणी युरिया आणि पक्षी युरिक आम्ल. युरिक आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते बाहेर टाकायला पाणी फारसे लागत नाही. अंड्याच्या बंद कवचात वाढणाऱ्या पिलालाही त्याची बाधा होत नाही. एवढे नेहमीचे विवेचन झाल्यावर विषयाला थोडी चव यावी म्हणून आम्ही जोडून दिले, "आणि हेच आम्ल पक्ष्याच्या शिटेतून मोटारीवर पडले की रंग जाळते!" मागच्या बाकावरच्या एका बाई उठल्या आणि म्हणाल्या, "सर, जे विरघळतच नाही ते आम्ल जाळणार कसे?"

आम्ही त्या वेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन पुढे गेलो. बाईंचा प्रश्न मात्र बिनतोड होता. एकाच तासात, एकाच पदार्थाविषयी, एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी आम्ही सांगितल्या होत्या. हा लेख म्हणजे त्या उत्तराची उशिरा केलेली दुरुस्ती समजावी.

युरिक आम्लाची पहिली ओळख पक्ष्यांमुळे झालेली नाही. १७७६ साली कार्ल शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने ते मूतखड्यांतून वेगळे केले. पुढे हम्बोल्टने पेरूच्या किनाऱ्यावरचा ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या साठून राहिलेल्या विष्ठेचे नमुने, १८०४ साली युरोपात आणले. फुर्क्र्वा आणि व्होक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्यांचे पृथक्करण केले तेव्हा त्यांत युरिक आम्ल भरपूर निघाले. (याच ग्वानोच्या विक्रीवर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पेरू देशाचा खजिना चालत असे, तो इतिहास एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) पक्ष्याची विष्ठा म्हणजे युरिक आम्ल हे समीकरण तेव्हापासून पक्के होत गेले.

आता आकडे पाहू. २० अंश सेल्सियसला १०० मिलिलिटर पाण्यात युरिक आम्ल जेमतेम ६ मिलिग्रॅम विरघळते. जेवढे विरघळते तेही व्हिनेगरमधल्या अ‍ॅसिटिक आम्लापेक्षा दुर्बळ असते. त्यातच २०२० साली टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी पक्ष्यांच्या विष्ठेतील पांढऱ्या भागाचे नव्याने पृथक्करण केले. त्यांना तेथे मुक्त युरिक आम्ल न सापडता अमोनियम युरेट आणि स्ट्रुव्हाइट यांसारखे क्षार सापडले. म्हणजे ज्याच्यावर आरोप ठेवायचा तो आरोपी जागेवर होता की नाही, इथूनच शंका आहे.

मग डाग पडतो कसा? त्यासाठी विष्ठेइतकीच रंगाचीही चौकशी करावी लागते, आणि तो इतिहास अधिक गमतीचा आहे.

पहिल्या मोटारी घोडागाडीसारख्याच रंगवत. जवसाच्या तेलाचे व्हार्निश ब्रशने लावायचे, सुकू द्यायचे, घासायचे, पुन्हा लावायचे. यात आठवडेच्या आठवडे जात. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात आपली ‘मॉडेल टी’ फक्त काळ्या रंगात विकली, कारण डांबरयुक्त काळे रोगण भट्टीत लवकर वाळवता येई. ही कोंडी फोडली ती युद्धसामग्रीने. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत नायट्रोसेल्युलोज तयार करण्याची प्रचंड क्षमता रिकामी पडली होती. ड्यू पाँ कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांना हे द्रव्य पातळ, फवारता येईल अशा रूपात मिळवण्याची युक्ती सापडली आणि १९२३ साली ‘ड्युको’ हा रंग बाजारात आला. तो काही तासांत सुके आणि हव्या त्या छटेत मिळे. आपल्याकडे हे नाव इतके रुजले की आजही सुतार कपाटाला ‘ड्युको मारून देतो’ म्हणतो. त्या डब्यात कोणत्या कंपनीचा कोणता रंग आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

ड्युकोचा थर नुसता द्रावक उडून जाऊन सुकतो. त्यात रासायनिक बंध जुळत नाहीत, म्हणून थिनर लावला की तो पुन्हा विरघळतो. उन्हाने तो पिठूळ होई, आणि मालक दर काही महिन्यांनी पॉलिश घासून वरचा निस्तेज थर काढून टाकी. पॉलिशच्या फडक्याला गाडीचा रंग लागे. साहजिकच पक्ष्यांचे डागही त्या घासण्यात निघून जात.

१९६० च्या दशकात अ‍ॅक्रिलिक आणि मेलामिन यांचे भट्टीत भाजायचे रंग रूढ झाले. सुमारे १४० अंशांवर अर्धा तास भाजल्यावर या दोन्ही द्रव्यांचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि थर थिनरलाही दाद देत नाही. पुढे रंगाची कामे दोन थरांत विभागली गेली: खाली रंगद्रव्याचा पातळ थर आणि वर बिनरंगी, पारदर्शक, ४० मायक्रॉनच्या आसपास जाडीचा चकचकीत थर. ही पद्धत १९८० च्या दशकात सर्वत्र पसरली. माणसाचा केस याहून जाड असतो, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. या आरशासारख्या थरात मायक्रॉनभर खळगा पडला तरी तेथे प्रकाश वेडावाकडा परततो आणि डाग उठून दिसतो. चकाकी वाढली तसा डागही दिसू लागला!

नव्या थराची दुबळी बाजू अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे उघड झाली. १९८० च्या दशकात या बंदरात उतरून उघड्यावर उभ्या असलेल्या कोऱ्या गाड्यांवर ठिपक्यांसारखे खळगे पडू लागले. कारण आम्लपर्जन्य. थेंबातले पाणी उन्हाने उडे, मागे राहिलेले सल्फ्युरिक आम्ल तीव्र होत जाई, आणि तापलेल्या पत्र्यावर ते अ‍ॅक्रिलिक व मेलामिन यांना सांधणारे ईथर बंध तोडी. रंगांची आम्लकसोटी घेण्याचे ठिकाण म्हणून जॅक्सनव्हिलचे नाव पुढे या धंद्यात रूढ झाले. आमचा तर्क असा की, ‘आम्लाने रंग जळतो’ हे वाक्य पक्ष्यांना येथूनच चिकटले असावे. तर्कच आहे, पुरावा नाही.

यानंतर ब्राझीलमध्ये एक नवलाचा धागा मिळाला. चतुर हे कीटक मोटारीच्या चकचकीत टपाला पाण्याचा पृष्ठभाग समजून त्यावर अंडी घालतात. त्यांचेही डाग पडतात. साव पावलो येथील रसायनशास्त्रज्ञांनी २००० सालच्या सुमारास दाखवले की, अंड्याचे कवच कठीण होताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, त्यामुळे प्रथिनांतील गंधकयुक्त अमिनो आम्लांचे ऑक्सिडीकरण होते आणि सल्फॉनिक आम्लासारखी तीव्र आम्ले जन्माला येतात. म्हणजे आम्ल आधी नसते, ते उन्हात जागेवरच घडते.

पक्ष्यांच्या बाबतीत नेमके काम २००९ पासून पुढच्या काही वर्षांत तेहरानमध्ये झाले. तेथील अमीरकबीर विद्यापीठातील संशोधकांनी गाडीच्या रंगाच्या पट्ट्यांवर एकीकडे खरी विष्ठा लावली आणि दुसरीकडे पँक्रिएटिन, म्हणजे स्वादुपिंडातील विकरांचे मिश्रण. त्यात पिष्ट पचवणारे अमायलेज, मेद पचवणारे लायपेज आणि प्रथिने पचवणारे प्रोटीएज असते. दोन्हींचे परिणाम सारखे निघाले: चकाकी उतरली, खळगे पडले, बहुवारिकातील बंध जलविच्छेदनाने तुटले आणि त्याचे काही तुकडे पाण्यात विरघळून गेले. पक्ष्याच्या शिटेत पांढऱ्या भागाबरोबर आतड्यातून आलेला काळपट भागही असतो, तो आपण विसरलो होतो. तिथली पाचक विकरे बाहेर पडल्यावरही काही काळ आपले काम करीत राहतात. साध्या शब्दांत सांगायचे तर पक्षी गाडी जाळत नाही, पचवतो.

याशिवाय भौतिकीचाही वाटा आहे. दुपारच्या उन्हात गडद रंगाच्या टपाचे तापमान ७० अंशांच्या पुढे जाते. इतक्या उष्णतेत पारदर्शक थर किंचित मऊ होतो. वर सुकणारी विष्ठा आकसते, थराला ओढते. संध्याकाळी थर थंड होऊन कडक होतो आणि ती ओढ ठशाच्या रूपाने आत राहते. म्हणून काही ठसे पुन्हा ऊब मिळाल्यावर फिके पडतात. बंध तुटून झालेला खळगा मात्र उबेने भरत नाही. तो पॉलिशने घासून आजूबाजूचा थर खाली आणावा लागतो, आणि चाळीस मायक्रॉनांतून असे किती वेळा घासणार?

काढण्याची रीत यातूनच ठरते. कोरड्या फडक्याने पुसणे सर्वांत वाईट, कारण दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात वाळूचे खडे असतात आणि ते रंगावर ओरखडे काढतात. ओले फडके दहा-पंधरा मिनिटे डागावर ठेवावे, विष्ठा फुगू द्यावी, मग न रगडता उचलून घ्यावी आणि जागा भरपूर पाण्याने धुवावी. गाडी तापलेली असेल तर आधी सावलीत न्यावी. अपघातानंतर गॅरेजात रंगवलेल्या भागाकडे वेगळे लक्ष ठेवावे. रबर आणि प्लॅस्टिक बसवलेली गाडी १४० अंशांवर भाजता येत नाही, म्हणून तेथे वेगळा, दोन द्रव्ये मिसळून लावायचा रंग वापरतात आणि त्याची वागणूक वेगळी असू शकते.

वर्गात खरी विष्ठा वापरू नये. तिच्यातून रोग पसरतात. चकचकीत रंगवलेल्या पत्र्याचे तीन तुकडे घ्यावेत. एकावर अंड्याचा पांढरा बलक, दुसऱ्यावर व्हिनेगर आणि तिसऱ्यावर औषधाच्या दुकानात मिळणारी पाचक विकरांची गोळी पाण्यात खलून लावावी. असाच दुसरा संच सावलीत ठेवावा. आठ दिवसांनी सगळे धुऊन तिरप्या उजेडात पाहावेत. मागच्या बाकावरच्या त्या बाईंना हा प्रयोग आम्ही पत्राने कळवला आहे. त्यांच्या मुलांनी चौथा तुकडा वाढवला, नुसत्या पाण्याचा. तो आम्हाला सुचला नव्हता.