दोन मायानगरींची स्पर्धा



इतिहास म्हटला की आपल्यापुढे गड, लढाया आणि तह उभे राहतात. करमणुकीच्या धंद्याला इतिहास असतो, असे सहसा कोणी मानत नाही. आमचे आयुष्य कामगारांच्या सभांत आणि पगारवाढीच्या वाटाघाटींत गेले. शाळा लवकर सुटली; जे वाचले ते पुढे पाळी संपल्यावर वाचले. त्यामुळे कोणतीही भव्य वास्तू पाहिली की ती कोणी बांधली आणि ती चालविणाऱ्याच्या हातात महिन्याकाठी काय पडते, हा प्रश्न आमच्या मनात आधी येतो. आज अमेरिकेतील दोन मायानगरींची तुलना याच नजरेने करावयाची आहे. एक ‘हॅरी पॉटर’च्या जादूगारांची, दुसरी ‘स्टार वॉर्स’च्या अंतराळवीरांची. विषय पोरखेळाचा वाटेल. पण त्यात अब्जावधी डॉलर आणि हजारो माणसांच्या चुली गुंतलेल्या आहेत.

प्रथम या धंद्याचे मूळ पाहू. चित्रपट कसा तयार होतो हे पैसे घेऊन दाखविण्याची कल्पना जुनी आहे. कार्ल लेम्ली या निर्मात्याने १९१५ मध्ये कॅलिफोर्नियात युनिव्हर्सल सिटी उघडली, तेव्हा पंचवीस सेंट देऊन चित्रण पाहावयास लोक येत. पुढे बोलपट आले; चित्रणाच्या वेळी शांतता हवी, म्हणून प्रेक्षकांना दार बंद झाले. ते १९६४ मध्ये फेरफटक्याच्या रूपाने पुन्हा उघडले. दरम्यान वॉल्ट डिस्ने याने दुसरी वाट काढली होती. चित्रपट कसा बनतो ते दाखविण्याऐवजी प्रेक्षकालाच चित्रपटात चालावयास लावावे, असा त्याचा विचार. १७ जुलै १९५५ रोजी अॅनाहाइम येथे संत्र्यांच्या बागा तोडून साफ केलेल्या जमिनीवर डिस्नेलँड उघडले. त्याच सुमारास नळ-कामगारांचा संप झाल्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि शौचकूप यांपैकी एकच काम वेळेत पुरे होणार होते, आणि मालकाने शौचकूप निवडले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. उन्हात तहानलेल्या पाहुण्यांनी त्या दिवशी बोटे मोडली असतील. पण स्वप्ननगरीलाही नळ जोडणारा माणूस लागतो, हा धडा तिला पहिल्याच दिवशी मिळाला. खरे तर मालकाला तो नवा नव्हता. १९४१ मध्ये त्याच्या स्टुडिओतील शेकडो चित्रकारांनी संप करून युनियनला मान्यता मिळविली होती.

डिस्नेने १९७१ मध्ये फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ दुसरी, कितीतरी मोठी नगरी उभारली. युनिव्हर्सलनेही १९९० मध्ये त्याच शहरात ठाण मांडले. तेव्हापासून हे दोन मालक एकमेकांच्या शेजारी दुकान थाटून बसले आहेत. परंतु युनिव्हर्सलची स्थिती बरीच वर्षे धाकट्या भावाची राहिली. १९९९ मध्ये त्याने तेथे दुसरे उद्यान उघडले. कारागिरी उत्तम होती, पण गर्दी अपेक्षेप्रमाणे जमेना.

ही कोंडी फुटली ती एका पुस्तकमालेने. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटरच्या कथा १९९७ ते २००७ या काळात प्रसिद्ध झाल्या आणि २००१ पासून त्यांवर चित्रपट निघू लागले. या कथांवरील नगरी आपण उभारणार, असे युनिव्हर्सलने २००७ मध्ये जाहीर केले आणि १८ जून २०१० रोजी हॉग्समीड हे जादूगारांचे गाव व त्यामागील टेकाडावर हॉगवर्ट्सचा किल्ला लोकांना खुला झाला. चित्रपटांचे कलादिग्दर्शक स्टुअर्ट क्रेग यांचा हात या नगरीच्या आखणीत होता, म्हणून पडद्यावरची वीट न वीट येथे ओळखू येते. फ्लोरिडाच्या घामट उन्हात छपरांवर बर्फ साचलेला आहे. दुकाने अरुंद, बोळ अरुंद. हॉग्समीडमध्ये गावाबाहेरची नेहमीची शीतपेये मुद्दाम ठेवलेली नाहीत. प्यावयाचे ते कथेतले ‘बटरबीअर’च. किल्ल्याच्या आत यंत्रमानवाच्या लांब बाहूवर बसविलेल्या आसनांत माणसे हवेत हेलकावतात.

परिणाम काय झाला? या धंद्याच्या व्यावसायिक संघटनेच्या अंदाजाप्रमाणे त्या उद्यानात २००९ मध्ये सुमारे ४६ लाख लोक आले होते. २०११ मध्ये हा आकडा ७६ लाखांवर गेला. पुढे जुलै २०१४ मध्ये युनिव्हर्सलने शेजारच्या उद्यानात डायगॉन अॅली ही जादूगारांची बाजारपेठ उघडली आणि दोन्ही ठिकाणांमध्ये हॉगवर्ट्स एक्स्प्रेस ही आगगाडी सोडली. या गाडीत बसावयाचे तर दोन्ही उद्यानांचे तिकीट काढावे लागते. कथेतली आगगाडी आणि गल्ल्यावरची बेरीज इतकी बेमालूम जुळलेली आम्ही दुसरीकडे ऐकलेली नाही.

आता डिस्नेला हात बांधून बसणे शक्य नव्हते. त्याने २०१२ मध्ये चार अब्ज डॉलरहून अधिक किंमत मोजून लुकासफिल्म ही कंपनी, आणि तिच्याबरोबर १९७७ पासून चालत आलेली स्टार वॉर्सची सारी मालमत्ता, विकत घेतली. ऑगस्ट २०१५ मध्ये नव्या नगरीची घोषणा झाली. ‘गॅलेक्सीज एज’ हे तिचे नाव. ती कॅलिफोर्नियात ३१ मे २०१९ रोजी आणि फ्लोरिडात २९ ऑगस्ट २०१९ रोजी उघडली. प्रत्येकीचे क्षेत्र सुमारे चौदा एकर. मिलेनियम फाल्कन हे अंतराळयान तेथे पूर्ण आकारात उभे आहे. कारागिरीच्या दृष्टीने पाहता ही नगरी जादूगारांच्या गावापेक्षा रेसभर कमी नाही; काही बाबतींत सरसच आहे.

तरीही पहिल्या उन्हाळ्यात विपरीत घडले. गर्दीच्या धास्तीने आधी जागा राखून ठेवण्याची पद्धत घातली, वार्षिक पासवाल्यांवर बंदीचे दिवस वाढविले, तिकिटे महाग केली. आणि जून २०१९ अखेरच्या तिमाहीत कंपनीच्या अमेरिकेतील उद्यानांची हजेरी तीन टक्क्यांनी घटली. कोणी म्हणाले, लोक गर्दीला भ्याले. कोणी म्हणाले, मुख्य आकर्षण तयार होण्याआधी दार उघडले. दोन्हींत तथ्य आहे. बंडखोरांच्या सुटकेचा तो भव्य खेळ फ्लोरिडात डिसेंबर २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्नियात जानेवारी २०२० मध्ये सुरू झाला, आणि मग मात्र रांगा हटेनात.

परंतु आमच्या मते मूळ कारण याहून खोल आहे. युनिव्हर्सलने लोकांना त्यांच्या ओळखीच्या घरी नेले. ज्या पोराने पुस्तक दहादा वाचले, त्याला तो किल्ला कोठे वळतो हे ठाऊक होते. केवळ दार उघडावयाचे बाकी होते. डिस्नेने मात्र लोकांना बटू नावाच्या अनोळखी ग्रहावर, कोणत्याही चित्रपटात न दिसलेल्या एका बाजारगावात नेऊन सोडले. काळही नव्या चित्रपटांचा धरला. ज्या ल्यूकवर, लेयावर आणि डार्थ व्हेडरवर दोन पिढ्या पोसल्या, ते त्या गावात सुरुवातीला नव्हते. पंढरीला जावे आणि गाभाऱ्यात विठोबाऐवजी त्याच्या एखाद्या नव्या भक्ताचे दर्शन घडावे, तसे हे झाले. २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले की, कॅलिफोर्नियातील नगरीत जुन्या चित्रपटांतील पात्रे आणली जातील. ही पहिल्या बेतातील उणिवेची कबुलीच म्हणावी लागेल.

येथे एक शंका निघेल. अनोळखी गाव रंगवून दाखविता येत नाही काय? जरूर येते. आपला तमाशा, दशावतार रिकाम्या रंगमंचावर अख्खी नगरी उभी करतात. पण ते माणसांच्या जोरावर. बटूच्या बाजारात प्रत्येक विक्रेता हा त्या ग्रहाचा रहिवासी, त्याला स्वतःचे नाव आणि गोष्ट, असा बेत होता. असा बेत पार पाडावयाचा म्हणजे नुसत्या भिंती पुरत नाहीत. जिवंत माणसे हवीत, त्यांना तालीम हवी आणि त्या कसबाचा मोबदला हवा. अशाच कल्पनेवर डिस्नेने १ मार्च २०२२ रोजी अंतराळयानाच्या रूपातील एक निवासगृहही उघडले. दोन रात्री, दोन माणसे, आणि खर्च पाच हजार डॉलरच्या घरात. नटांचे काम वाखाणले गेले, पण हा भाव किती जणांना झेपणार? सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस, दीड वर्षातच, ते बंद पडले.

आता आमच्या खऱ्या विषयाकडे येऊ. डिस्नेच्या नगरीत कामगाराला कामगार म्हणत नाहीत. झाडू मारणारापासून तिकीट फाडणारापर्यंत सारे ‘कास्ट मेंबर’, म्हणजे नटसंचातील घटक. हा शब्द गोड आहे आणि त्यात कामाचा काही गौरवही आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण नट म्हटले की त्याने प्रयोगात स्वतःची भूक लपवावी लागते. अॅनाहाइमची कथा या दृष्टीने मुळातून समजून घेण्यासारखी आहे.

जुलै २०१५ मध्ये त्या शहराच्या नगरपरिषदेने तीन विरुद्ध दोन मतांनी असा करार केला की, कंपनीने तेथे निदान एक अब्ज डॉलर गुंतवावेत आणि त्याबदली तीस वर्षे तिच्या प्रवेशतिकिटांवर करमणूक कर लावला जाऊ नये. पुढच्याच महिन्यात अंतराळनगरीची घोषणा झाली. २०१८ च्या आरंभी युनियनांनी करविलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या सुमारे पाच हजार डिस्नेलँड-कामगारांपैकी ७३ टक्क्यांनी सांगितले की पगारात मूलभूत खर्च भागत नाही. आणि ११ टक्के असे होते की मागील दोन वर्षांत केव्हा ना केव्हा त्यांना स्वतःचे छप्पर नव्हते. कंपनीने ही पाहणी पक्षपाती ठरविली. पाहणी युनियनने करविली हे खरे. पण म्हणून उघड्यावर काढलेली रात्र खोटी ठरत नाही.

मग ज्या मोठ्या आतिथ्य-व्यवसायांना शहराकडून सवलत मिळते, त्यांनी ताशी १५ डॉलरपासून वाढत जाणारे किमान वेतन द्यावे, असा ठराव नागरिकांच्या मतदानासाठी पुढे आला. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीने स्वतःच शहराला करसवलतीचे करार रद्द करावयास सांगितले. नोव्हेंबरमध्ये ठराव मंजूर झाला, तेव्हा कंपनीचे म्हणणे असे की, आम्ही सवलत घेतच नाही, मग हा कायदा आम्हांस कसा लागू? कामगार न्यायालयात गेले. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की, १९९६ च्या करारान्वये शहराने ज्या रोख्यांवर पैसा उभा केला, त्यांतून कंपनीला मिळालेला लाभ हीसुद्धा सवलतच होय. २०२४ च्या डिसेंबरात २३ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड ठरली. त्याआधी जुलै २०२४ मध्ये, संपाच्या बाजूने जवळजवळ एकमुखी कौल दिल्यानंतर, सुमारे चौदा हजार कामगारांनी ताशी २४ डॉलर मूळ वेतनाचा करार पदरात पाडून घेतला. मिकीचा मुखवटा घालणाऱ्या आणि मिरवणुकीत नाचणाऱ्या कलावंतांनीही त्याच वर्षी मे महिन्यात ९५३ विरुद्ध २५८ मतांनी युनियन केली.

आता दोन मालकांच्या स्पर्धेचे फळ पाहा. फ्लोरिडातील कायदा युनियनला अनुकूल नाही. तेथे वर्गणीची सक्ती करता येत नाही. तरी डिस्नेच्या कामगारांनी सहा स्थानिक युनियनांची मोट बांधून २०१८ मध्ये करार केला: १० डॉलरचे किमान वेतन २०२१ पर्यंत १५ वर न्यावयाचे. आणि २०२१ मध्ये युनिव्हर्सलनेही आपले प्रारंभिक वेतन १५ डॉलर केले. शेजारच्या मालकाला असा कोणताही करार बांधून घालीत नव्हता. पण माणसे टिकवावयाची तर शेजारचा भाव पाहावाच लागतो. मालकांची स्पर्धा आपोआप पगार वाढवीत नाही. एका बाजूला संघटना असेल, तरच ती स्पर्धा कामगाराच्या उपयोगी पडते.

आणि संकटकाळी काय होते, तेही विसरू नये. मार्च २०२० मध्ये साथीमुळे सर्व उद्याने बंद पडली. सप्टेंबरात डिस्नेने अठ्ठावीस हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांतील सुमारे दोनतृतीयांश अर्धवेळ काम करणारी होती. गिरणगावातील बदली कामगाराची स्थिती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. किल्ला जागच्या जागी उभा राहिला. माणूस दाराबाहेर गेला.

स्पर्धा थांबलेली नाही. २२ मे २०२५ रोजी युनिव्हर्सलने ऑर्लँडोत ‘एपिक युनिव्हर्स’ हे नवे उद्यान उघडले, आणि त्यातही जादूगारांची आणखी एक नगरी आहे. आपल्याकडे खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झाले. तेथेही ‘मिस्टर इंडिया’ या १९८७ च्या चित्रपटावर खेळ रचलेला आहे. म्हणजे हा धंदा आपल्या घाटापर्यंत येऊन पोचला आहे.

तेव्हा या दोन नगरींत सरस कोणती? रसिक म्हणून विचाराल, तर लोकांच्या मनात आधीच वसलेले गाव ज्याने उभारले, तो जिंकला. ज्याने नवे गाव वसवू पाहिले, त्याने भिंतींवर जितका खर्च केला तितका माणसांवर केला असता, तर कदाचित तोही जिंकला असता. पण कामगार म्हणून विचाराल, तर आमचे उत्तर तिकिटाच्या रांगेत मिळणार नाही. पाळी संपल्यावर पोशाख उतरवून जो मागच्या दाराने बाहेर पडतो, त्याला त्या रात्री स्वतःच्या घराकडे जाता येते की नाही, हे पाहावे आणि मग निकाल द्यावा. आपल्यापैकी ज्यांची मुले-नातवंडे परदेशात आहेत, ते कधीतरी या नगरींना जातील. त्यांनी किल्ला जरूर पाहावा, बटरबीअरही प्यावे. मात्र पेला हाती देणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलल्याशिवाय परत येऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.