संगणकातील वीजव्यवस्थापन : कार्यप्रणालीचा गाभा व डिव्हाइस ड्रायव्हर यांच्यातील जबाबदारीची विभागणी

प्रस्तावना :
संगणकाचे कोणते उपकरण केव्हा झोपवावे व केव्हा जागे करावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक भासतो. मूलतः तो अधिकार आणि माहिती यांच्या वाटणीचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात १९९२ ते २०१२ या काळात या वाटणीत झालेल्या स्थित्यंतरांचा आढावा घेण्यात आला आहे.

बायोसकडून कार्यप्रणालीकडे :
१९९२ मध्ये इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी ‘एपीएम’ हे मानक मांडले. त्यात वीजबचतीचे बरेचसे निर्णय बायोस घेत असे. परंतु कोणता प्रोग्राम कोणत्या कामात गुंतला आहे, याची त्याला कल्पना नसे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘एसीपीआय’ मानकाने निर्णयाची सूत्रे कार्यप्रणालीच्या हाती दिली. उपकरणांसाठी डी-० (पूर्ण कार्यरत) ते डी-३ (बंद) अशा अवस्थाही त्याने निश्चित केल्या.

गाभा आणि ड्रायव्हर :
यानंतर वाटणीचा प्रश्न कार्यप्रणालीच्या अंतरंगात शिरला. समग्र यंत्रणेचे चित्र गाभ्यासमोर असते. मात्र विशिष्ट उपकरणाची स्थिती कशी जतन करावी, हे त्याचा ड्रायव्हरच जाणतो. डिसेंबर २००३ मधील लिनक्स २.६ च्या उपकरण-प्रारूपाने सर्व उपकरणांचा वृक्ष गाभ्याकडे सोपविला. त्यामुळे झोपविताना आधी अपत्य व मग पालक, जागे करताना याच्या उलट, हा क्रम पाळणे शक्य झाले. यूएसबी साधनाआधी त्याचा कंट्रोलरच बंद पडला, तर ड्रायव्हरला त्या साधनाशी संपर्क साधता येणार नाही, हे त्यामागील कारण होय.

डिसेंबर २००९ मधील २.६.३२ आवृत्तीत राफाएल विसॉत्स्की यांची ‘रनटाइम पीएम’ चौकट आली. उपकरणाच्या वापराची मोजदाद गाभा ठेवतो. प्रत्यक्ष झोपविण्याची कृती ड्रायव्हर करतो, आणि उपकरण व्यग्र असल्यास नकारही देतो. मात्र एखादा ड्रायव्हर वापर संपल्याची नोंद करण्यास विसरला, तर उपकरण विनाकारण जागे राहते व बॅटरी रिकामी होते. अँड्रॉइडच्या ‘वेकलॉक’वरून २००९-१० मध्ये झालेला वाद याच विश्वासाच्या प्रश्नाभोवती फिरत होता, २०१२ च्या लिनक्स ३.५ मध्ये त्यावर तडजोड झाली.

निष्कर्ष :
समन्वय गाभ्याकडे व कृती ड्रायव्हरकडे, ही विभागणी अनुभवातून घडली. ज्याच्याकडे माहिती त्याच्याकडे निर्णय, हे तत्त्व जेथे डावलले गेले तेथे व्यवस्था बदलावी लागली, असे या इतिहासावरून दिसून येते.