देवगडच्या पवनचक्क्या आणि युरोपचं ऊर्जा-स्वावलंबन

देवगड-निपाणी रस्ता आमच्या फोंडाघाटातून जातो. त्याच्या देवगडकडच्या टोकाला, समुद्राच्या कडेला पवनचक्क्या आहेत. बहुतेक जण तिथे फोटो काढून परततात. तुम्ही ऊर्जाधोरणावर संशोधन करायचं म्हणत असाल, तर त्या चक्क्यांमागचा इतिहास वाचा. तो डेन्मार्कपर्यंत जातो.

१९७३ चं तेलसंकट आलं तेव्हा डेन्मार्कची सुमारे ९० टक्के ऊर्जा आयात तेलातून येत होती. रविवारी गाड्या चालवायला बंदी घालावी लागली. १९७६ मध्ये पहिला राष्ट्रीय ऊर्जा आराखडा आला. त्यात भर होता कोळसा आणि अणुऊर्जेवर, वाऱ्यावर नव्हे. अणुऊर्जेला लोकांनी जोरदार विरोध केला आणि १९८५ मध्ये संसदेने ती नियोजनातून वगळली. दरम्यान १९७९ पासून पवनचक्की घेणाऱ्याला ३० टक्के अनुदान मिळू लागलं होतं. शेतकरी आणि गावोगावचे सहकारी गट गिऱ्हाईक झाले. शेतीची अवजारं बनवणारी व्हेस्टास कंपनी चक्क्या बनवू लागली.

तेलाचा तोच धक्का भारतालाही बसला होता. १९८२ मध्ये केंद्राने अपारंपरिक ऊर्जास्रोत विभाग काढला. १९८६ च्या सुमारास महाराष्ट्र, गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर प्रात्यक्षिक म्हणून चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांत व्हेस्टासची ५५ किलोवॅटची यंत्रं होती. म्हणजे वारा आपला, पण यंत्र डेन्मार्कचं!

मग डेन्मार्क तरी पूर्ण स्वतंत्र झाला का? आज तिथली निम्म्याहून अधिक वीज वारा देतो. पण वारा पडला की नॉर्वेची जलविद्युत समुद्राखालच्या केबलमधून येते. त्यातली पहिली केबल १९७० च्या दशकातली आहे. परावलंबन संपलं नाही, फक्त ते भरवशाच्या शेजाऱ्यावर आलं.

जर्मनीचं उदाहरण याहून बोलकं आहे. २००० च्या कायद्याने तिथे सौर आणि पवनवीज झपाट्याने वाढली. तरीही २०२१ मध्ये आयात गॅसपैकी निम्म्याहून जास्त रशियाचा होता, कारण घरं तापवायला आणि कारखान्यांना गॅसच लागत होता. वीज म्हणजे सगळी ऊर्जा नव्हे. युक्रेनयुद्धाने हा फरक महागात पाडला.

तेव्हा शोधप्रस्तावात ‘ऊर्जा-स्वावलंबन’ हा शब्द मोघम टाकू नका. आधी तीन प्रश्न विचारा: कोणत्या इंधनापासून सुटका? कोणत्या वापरासाठी? आणि यंत्र कोण बनवतंय? तिसरा प्रश्न आज युरोपलाही सुटलेला नाही, कारण तिथली बहुतेक सौर पॅनेल चीनमधून येतात. तिन्हींची उत्तरं एकाच देशासाठी, एका ठरावीक काळापुरती शोधलीत, तरी तुमचा विषय बराचसा पक्का होईल.