पिळण्याचा इतिहास

माणूस कपडे कधीपासून घालू लागला यावर विद्वानांत मतभेद आहेत. मला त्या वादात पडायचं नाही. पण ज्या दिवशी त्याने पहिलं कातडं अंगावर घेतलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पाऊस पडला असणार आणि ते वाळत कुठे घालायचं यावरून गुहेत भांडण झालं असणार, एवढं मी पुराव्याशिवाय सांगू शकतो. मुंबईत दोन खोल्यांत वीस पावसाळे काढलेल्या माणसाला पुरावा लागत नाही. जुलैत आमच्याकडे पाहुणा आला, तर आधी दोन साड्या आणि एक चादर बाजूला सारावी लागते. मग तो दिसतो, आणि मग त्याला ‘या, बसा’ म्हणता येतं.

ओल्या कपड्यातलं पाणी घालवण्याचे मुख्य मार्ग दोनच. एक म्हणजे त्याची वाफ करून ते जाऊ देणं. दुसरा म्हणजे पिळून, झटकून, गरगरा फिरवून त्याला हाकलणं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर पहिला मार्ग स्मरणपत्रांचा आणि दुसरा वसुलीचा.

स्मरणपत्रांच्या मार्गाला जगात मान मोठा. १८०० सालच्या सुमारास फ्रान्समध्ये पोशाँ नावाच्या गृहस्थाने भोकं पाडलेलं धातूचं पिंप केलं, त्यात ओले कपडे भरले आणि खाली जाळ ठेवून तो हाताने दांडा फिरवू लागला. नाव पोशाँ आणि उद्योग पोशाखाचा! कपडे वाळत, पण त्यांना धुराचा वास येई आणि कधीकधी ते कणसासारखे भाजूनही निघत. पुढे अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय संशोधकाने उघड्या जाळाऐवजी चुलीच्या धगीवर कपडे सुकवणारी चौकट केली. तिचं पेटंट त्याला मिळालं ७ जून १८९२ रोजी. तारीख बघा! आपल्याकडे मृग लागण्याची. महाराष्ट्रातल्या तमाम गृहिणी ज्या दिवशी आभाळाकडे बघून ‘आता चार महिने कपडे वाळायचे नाहीत’ असं म्हणतात, नेमका तोच दिवस.

त्यानंतर नॉर्थ डाकोटातला रॉस मूर. तिथल्या हिवाळ्यात दोरीवर घातलेला शर्ट वाळायच्या आधी गोठतो आणि मग इस्त्री केल्यासारखा ताठ उभा राहतो. मूरने फिरत्या पिंपाचे यंत्र तयार केले आणि शेवटी ते विस्कॉन्सिनच्या हॅमिल्टन कंपनीच्या गळी उतरवले. ही कंपनी मुळात छापखान्याचे लाकडी टाइप करणारी. १९३८ साली त्यांचा ड्रायर बाजारात आला, त्याचं नाव ‘जून डे’. अमेरिकेत जूनचा दिवस म्हणजे लख्ख ऊन. हेच नाव लावून तो गिरगावात विकायला ठेवला असता, तर यात कपडे भिजवून मिळतात अशी लोकांची समजूत झाली असती. दारावर काच बसवा आणि दुकानात रंगीबेरंगी चड्ड्या आत घालून यंत्र फिरतं ठेवा, हा सल्ला ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरने दिला असं सांगतात. जाहिरातीचं शास्त्र मी बी.कॉम.ला शिकलो, त्यात हे नव्हतं.

आता दुसरा मार्ग, वसुलीचा. १८३०च्या दशकात फ्रान्समध्येच पेन्झोल्ट नावाच्या माणसाने कापड सुकवण्यासाठी सच्छिद्र पिंप आगीशिवाय, नुसतं जोरात फिरवलं. कापड आत राहिलं, पाणी भोकांतून बाहेर. ही युक्ती कापडापेक्षा साखरेला जास्त मानवली. १८५१च्या सुमारास डेव्हिड वेस्टनने हवाईमध्ये ती उसाच्या साखरेला लावली: साखरेचे दाणे आत राहिले, मळी बाहेर. १८७८ साली स्वीडनच्या दे लावालने दुधातली साय अशीच फिरवून वेगळी काढली. १९५०-५१च्या हंगामात प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि नंतर महाराष्ट्रात जिकडेतिकडे कारखाने झाले, तेव्हा त्या प्रत्येकात हेच पिंप गरगरत होतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला तेच यंत्र लहान होऊन, प्लॅस्टिकचा झगा घालून, दोन टबांच्या वॉशिंग मशीनमधून आमच्यासारख्यांच्या मोरीत आलं. म्हणजे आमचा ड्रायर हा साखर कारखान्याचा धाकटा चुलतभाऊ. राजकारणात मात्र नाही.

आपण ज्याला ड्रायर म्हणतो तो वाळवत नाही, पिळतो. पण हिशेब पाहा. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण दोन-तृतीयांश युनिट वीज लागते. आपली पिळणारी मोटर पावणेदोनशे वॉटच्या आसपास. पाच मिनिटं चालली तर युनिटचा सत्तरावा भाग. मिनिटाला तेराशे फेरे घेणाऱ्या त्या छोट्या पिंपात कपड्यातल्या पाण्याला गुरुत्वाकर्षणाच्या दोनशेपटीहून अधिक जोर बसतो. कोणतं पाणी टिकेल? अट एकच, कपडे सारखे पसरून घालायचे. एका बाजूला ओली चादर आणि दुसऱ्या बाजूला दोन हातरुमाल असले, की ट्रायल बॅलन्स न जुळलेल्या शाखेसारखं सगळं यंत्र थडाथडा हलू लागतं.

मागच्या श्रावणात आमचं यंत्र हललं नाही, नुसतं ‘हूंऽऽ’ करू लागलं. मेकॅनिक आला. त्याने कान लावला आणि ‘मोटर जळाली’ असं जाहीर केलं. मेकॅनिक आणि ज्योतिषी हे दोघेही वाईट बातमी फार प्रसन्न चेहऱ्याने देतात. सुदैवाने हिचे मामा चार दिवस राहायला आले होते. मामांची सारी नोकरी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात फिटर म्हणून, तीही याच फिरत्या पिंपांच्या विभागात गेली.

‘जावईबापू, आधी प्लग काढा,’ मामा म्हणाले. ‘मोटर जळाली असती तर नाकाला कळलं असतं. ही हूं करतेय म्हणजे हिला फिरायचंय, पण कोणी तरी धरून ठेवलंय. बघू कोण ते.’

मामांनी संशयितांना एकेक करून बोलावलं. पहिला संशयित मोजा: आतल्या पिंपाच्या काठावरून निसटतो आणि खाली जाऊन अडकतो. तो नव्हता. दुसरा कंडेन्सर: मोटरीला पहिला धक्का तो देतो, तो गेला तर मोटर जागच्या जागी गुणगुणते. नवा लावून पाहिला, तरी हूं. ‘मग ब्रेक,’ मामा म्हणाले आणि त्यांनी मागचा पत्रा उघडला. झाकण मिटलं की एक तार ओढली जाते आणि ब्रेक सुटतो. झाकण उघडलं की वीज तुटते आणि स्प्रिंग ब्रेक आवळते. आमची तार ढिली झाली होती. झाकण बंद केलं तरी ब्रेक पिंपाला मिठी मारून बसलेला.

मेकॅनिक अजून गेला नव्हता. त्याला लगेच तोडगा सुचला. ‘असं आहे होय! मग ब्रेकच काढून टाकतो की. झाकणाचा स्विचही डायरेक्ट करून देतो. पुन्हा कटकट नाही. मी खूप ठिकाणी करून दिलंय.’

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी उजवा हात त्याच्यापुढे धरला. त्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पेराच्या वर नाही. हे मला लग्नापासून माहीत होतं, पण ती बोटं कुठे गेली हे मी कधी विचारलं नव्हतं. सासरच्या माणसांना असले प्रश्न विचारत नाहीत.

‘बासष्ट पोती बाकी होती,’ मामा म्हणाले. ‘पाळी संपायला आली होती. पिंप थांबतंय असं वाटलं. थांबत आलेलं पिंप थांबलेलं नसतं.’

आमचा धाकटा तेवढ्यात नेहमीप्रमाणे झाकणाशी खेळायला आला. हिने त्याला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं.

मामांनी तार ओढून नीट बसवली, स्विच तपासला, झाकण दहा वेळा उघडमीट केलं. मग प्लग लावायला सांगितला. यंत्र सुरू झालं. मामांनी झाकण उघडलं आणि मनातल्या मनात आकडे मोजले. पिंप थांबल्यावर म्हणाले, ‘ठीक. पण हे मोजणं दर महिन्याला करायचं.’ मी ते कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, लिहून ठेवलं.

मेकॅनिकने व्हिजिटचे पैसे मागितले. मी दिले. पावती मागितली, तर म्हणाला, ‘पुढच्या वेळी एकदम देतो.’