परत येणारी गाठ

सातारा-सांगली भागात छातीच्या आजारांचा इतिहास शोधू लागलो, की आधी क्षयच भेटतो. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर सॅनेटोरियम काढले. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ पासून चालू होते. पुढे क्षयरोग्यांसाठी सांगली-मिरजेच्या मध्ये वेगळे सॅनेटोरियम झाले आणि त्या वस्तीला वानलेसवाडी हे नाव पडले. मोतीबिंदू काढून घ्यायला लोक मिरजेला लांबलांबून येत. छाती उघडणे ही मात्र त्या काळी साऱ्या जगातच धास्तीची गोष्ट होती. छातीत बाहेरची हवा शिरली की फुप्फुस मिटते. १९०४ मध्ये जर्मनीत झाउअरब्रुखने त्यासाठी कमी दाबाची खोलीच बांधली: रोग्याचे धड आत, डोके बाहेर. पुढे श्वासनलिकेत नळी घालून भूल देता येऊ लागली आणि ती खोली अडगळीत गेली. १९३३ मध्ये अमेरिकेत एव्हर्ट्स ग्रॅहमने कर्करोगासाठी अख्खे फुप्फुस काढले. रोगी स्वतः डॉक्टर होता आणि पुढे बरीच वर्षे जगला.

मला कुतूहल आहे ते याहून दुर्मीळ अशा एका गाठीचे. फुप्फुसावरणाच्या या गाठीला आज ‘सॉलिटरी फायब्रस ट्यूमर’ म्हणतात. क्लेम्पेरर आणि रॅबिन यांनी १९३१ मध्ये तिला इतर गाठींपासून वेगळे काढले. कधी ती देठावर लोंबते, नारळाएवढी होईपर्यंत रोग्याला पत्ताही लागत नाही. क्वचित रक्तातली साखर उतरून माणूस घेरी येऊन पडतो, आणि दुखणे छातीत आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही! उपाय एकच, भोवतालच्या निरोगी भागासह ती समूळ काढणे. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. पण काही दहा-पंधरा वर्षांनीही परततात.

म्हणून इथे सर्जनच्या हाताइतकाच जुना केसपेपर मोलाचा. पहिली गाठ देठाची होती की रुंद बुडाची, कडेला काही राहिले होते का, हे दुसऱ्या सर्जनला त्यातूनच कळते. आपल्याकडे मात्र हा कागद रोग्याच्या ट्रंकेत असतो, नाहीतर रद्दीत. शिवाय आपल्या भागात पत्तेही बदलले. १९४९ ते १९६० सांगली जिल्ह्याचे नाव ‘दक्षिण सातारा’ होते. तासगावच्या एखाद्या रोग्याचा पहिला कागद १९५८ चा असेल, तर तो त्याच नावाखाली शोधावा लागेल.