शब्दवेध : विडंबन

‘विडंबन’ हा शब्द संस्कृत ‘वि’ उपसर्ग आणि ‘डम्ब्’ धातू यांपासून झाला. मूळ अर्थ नक्कल, आणि तीही गौरवाची असू शके : कालिदासाच्या ‘रघुवंशा’त कमळांचे छत्र, काशफुलांच्या चवऱ्या मिरवणारा शरद ऋतू रघूचे ‘विडंबन’ करतो, म्हणजे त्याच्यासारखा दिसू पाहतो. फजिती, उपहास हे अर्थही संस्कृतातलेच. मराठीत ‘ड’चा ‘ट’ होऊन ‘विटंबना’ अपमानाकडे गेली. ‘विडंबन’ साहित्यात राहिले. आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूची फुलें’ या कवितासंग्रहाने ते कवितेत रुजवले. महाकाव्याच्या विडंबनाचा अस्सल मराठी नमुना म्हणजे गंगाराम गवाणकरांचे मालवणी नाटक ‘वस्त्रहरण’ (1980). त्यात महाभारतातला वस्त्रहरणाचा प्रसंग गावकरी नाटक म्हणून रंगवतात. हसू येते ते त्यांच्या तारांबळीचे. महाभारताची विटंबना त्यात कुठेही होत नाही.