रोजचा व्यायाम आणि स्वतःचे उद्दिष्ट : हेब्बाळच्या तलावाकाठी

बंगळुरूच्या उत्तरेस हेब्बाळ हे उपनगर आहे. शहरातून देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे जाणारा बळ्ळारी रस्ता आणि बाह्य वळण रस्ता येथे एकत्र येतात. २००३ मध्ये या चौकात उड्डाणपूल झाला आणि २००८ मध्ये नवा विमानतळ सुरू झाला. त्यानंतर वाहनांची वर्दळ इतकी वाढली की पायी चालणाऱ्याला हा चौक ओलांडणे हेच एक दिव्य झाले आहे. याच पुलाला लागून हेब्बाळचा जुना तलाव आहे. केंपेगौडा यांच्या काळात, १५३७ मध्ये, तो बांधला गेला असे मानले जाते. जलपर्णीच्या कडेने पोहणारे चांदवे आणि पाण्यावर संथपणे उतरणारे झोळीवाले पक्षी तेथे आजही दिसतात. वस्ती म्हणून हेब्बाळ याहूनही पुष्कळ जुने आहे. २०१८ मध्ये येथे सापडलेला कन्नड वीरगळ इसवी सन ७५० च्या सुमाराचा आहे.

नोकरीनिमित्त बंगळुरूत आलेली अनेक मराठी कुटुंबे आता शहराच्या या बाजूसही राहतात. सकाळी गाडीत बसायचे, दिवसभर संगणकासमोर बसायचे आणि सायंकाळी पुन्हा पुलावरच्या गर्दीत बसून घरी यायचे, असा अनेकांचा दिवस असतो. ठाण्याचा मासुंदा, नागपूरचा अंबाझरी किंवा कोल्हापूरचा रंकाळा यांच्या आसपास राहणाऱ्या वाचकांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. व्यायाम किती करावा आणि कोणता करावा यावर पुष्कळ लिहिले जाते. तो कोठे करावा आणि घराजवळची ती जागा टिकणार आहे काय, या प्रश्नाकडे मात्र दुर्लक्ष होते. हेब्बाळच्या उदाहरणात हे सर्व प्रश्न एकत्र आलेले आहेत.

चालक आणि वाहक

शारीरिक हालचाल आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा एक महत्त्वाचा अभ्यास लंडनच्या दुमजली बसगाड्यांमध्ये झाला. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. दिवसभर आसनावर बसणाऱ्या चालकांच्या तुलनेत, तिकिटे देण्यासाठी सतत जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी होते. दोघांची कंपनी एक, गाडी एक आणि शहरही एकच. पुढे मॉरिस यांनी गणवेशांच्या मापांची नोंद तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर मुळातच अधिक असल्याचे आढळले. म्हणजे सर्व श्रेय जिन्यालाच देता येत नव्हते. आपल्याच निष्कर्षाची अशी उलटतपासणी करणारे संशोधक विरळाच. त्यानंतरच्या असंख्य अभ्यासांनी मात्र मूळ निष्कर्षाला दुजोरा दिला आहे.

या अभ्यासातील वाहक व्यायाम म्हणून काहीच करीत नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे. त्यांचे कामच त्यांना हलते ठेवीत होते. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत पाणी भरणे, दळणे, धुणे आणि पायी बाजारहाट यांतून जी हालचाल होत असे, ती आता ठरवून करावी लागते.

किती हालचाल पुरेशी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आपल्या शिफारशी सुधारल्या. प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची किंवा ७५ ते १५० मिनिटे अधिक श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे त्यांत म्हटले आहे. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सरावही करावा, तर शाळकरी मुलांनी दररोज सरासरी एक तास धावपळ करावी. पूर्वीच्या शिफारशींत हालचाल सलग दहा मिनिटांची तरी असावी अशी अट होती. ती आता काढून टाकण्यात आली असून दोन मजले जिना चढणे किंवा बसथांब्यापर्यंत झपझप जाणे हेही हिशेबात धरले जाते.

मध्यम श्रम ओळखण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, अशी गती म्हणजे मध्यम श्रम. पावलांत सांगायचे तर मिनिटाला सुमारे शंभर पावले.

भारतात एवढी हालचाल करणारे किती? २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०२२ साली देशातील जवळपास निम्मे प्रौढ या किमान मर्यादेच्या खाली होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीचा पहिला टप्पा महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथे झाला होता. त्यावर आधारित २०१४ च्या अहवालात, फावल्या वेळात आवडीने व्यायाम किंवा खेळ करणारे दहा टक्क्यांहूनही कमी असल्याचे दिसले. स्त्रियांचे मागे पडणे केवळ आळसाने होत नाही. पहाटेची वेळ डबे आणि पाणी भरण्यात जाते, सायंकाळची स्वयंपाकात, आणि उरलेल्या वेळेत बाहेर उजेड नसतो.

वजनाचा काटा पुरेसा नाही

व्यायामाचे उद्दिष्ट म्हटले की बहुतेकांना किलो आठवतात. भारतीयांच्या बाबतीत हे माप फसवे ठरू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा, २२.३ होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरले. दिसायला सडपातळ, आतून स्निग्ध अशी ही भारतीय देहरचना वैद्यकशास्त्रात आता परिचित झाली आहे. म्हणूनच भारतीयांसाठी २३ च्या पुढचा निर्देशांक जादा वजनाचा मानतात आणि पुरुषांनी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या, तर स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा असे सांगतात.

महिनाभर नियमित चालूनही काटा हलला नाही म्हणून व्यायाम सोडून देणारे पुष्कळ असतात. त्या महिन्यात रक्तातील साखर, रक्तदाब आणि झोप यांत पडलेला फरक काट्यावर दिसत नाही. किती वजन घटले यापेक्षा आठवड्यातील किती दिवस बाहेर पडलो, ही नोंद ठेवणे अधिक उपयोगाचे आहे. ती गोष्ट तरी पूर्णपणे आपल्या हातात असते.

दहा हजार पावले कोठून आली?

‘दिवसाला दहा हजार पावले’ हे उद्दिष्ट आज सर्वतोमुखी आहे. त्याचा उगम वैद्यकीय नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले आणि त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असे ठेवले. आकडा गोल होता आणि तो रूढ झाला. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते. ७,५०० पावलांच्या पुढे हा लाभ फारसा वाढत नव्हता.

तेव्हा पहिल्या आठवड्यात काहीही न बदलता आपली नेहमीची पावले मोजावीत. ती ३,००० असतील तर पुढच्या पंधरवड्यात ४,००० हे उद्दिष्ट ठेवावे. हजार पावले म्हणजे सुमारे दहा मिनिटांचे चालणे. एकदम दहा हजारांवर उडी घेतली की आठ दिवसांत टाच किंवा गुडघा तक्रार करू लागतो आणि बूट पुन्हा खोक्यात जातात.

उद्दिष्टात वेळ आणि जागा दोन्ही असाव्यात. ‘रोज व्यायाम करीन’ यापेक्षा ‘सकाळी मुलांची शाळेची बस गेली की तलावाच्या फाटकापासून वीस मिनिटे’ हे पाळणे सोपे जाते. सवय एकवीस दिवसांत लागते ही समजूत खरी नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवयीची घडी मोडत नाही, हेही त्यात दिसले.

ज्यांना बाहेर पडणे शक्य नाही त्यांच्यासाठी मराठी घरांतील शतपावली आहेच. मधुमेहाचा धोका असलेल्या वृद्धांच्या एका छोट्या प्रयोगात (२०१३) तीन जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालणे हे साखर ताब्यात ठेवण्यास सकाळच्या सलग ४५ मिनिटांच्या चालण्याइतकेच उपयोगी ठरले. रात्रीच्या जेवणानंतरची साखर उतरवण्यात तर ते सरस होते. शंभर पावले थोडी कमी पडतील. दीड हजारांवर न्यावीत.

औंध ते बंगळुरू

केवळ चालण्याने स्नायूंना पुरेसे बळ मिळत नाही. त्यासाठी डंबेल्स किंवा व्यायामशाळाच हवी असेही नाही. सूर्यनमस्कारांना आजचे रूप आणि प्रसार देण्यात औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले आणि त्यांवर पुस्तके लिहिली. १९३८ मध्ये त्यांच्या पुस्तकाची लुईझ मॉर्गन या पत्रकार महिलेने संपादित केलेली आवृत्ती लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास बंगळुरूत के. व्ही. अय्यर हे ख्यातनाम व्यायामपटू आपली हर्क्युलिस व्यायामशाळा चालवीत होते. शरीरसौष्ठवाच्या पाश्चात्त्य पद्धतीला त्यांनी सूर्यनमस्कारांची जोड दिली आणि १९३७ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तकही काढले. साताऱ्याकडील एका छोट्या संस्थानातला व्यायाम आणि बंगळुरूचा आखाडा यांच्यातील हे नाते बंगळुरूकर मराठी मंडळींनाही फारसे ठाऊक नसावे.

रथसप्तमीला १०८ नमस्कार घालण्याची चढाओढ अनेक ठिकाणी लागते. वर्षभर स्वस्थ बसलेल्याने त्या दिवशी हा पराक्रम करू नये. चार नमस्कारांपासून प्रारंभ करून दर आठवड्यास दोन वाढवावेत. अनियंत्रित रक्तदाब, काचबिंदू किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांनी डोके खाली जाणाऱ्या स्थिती वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नयेत. त्यांना भिंतीला हात टेकून केलेले दंड आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे चालेल. चालताना छातीत दडपण येणे, घेरी येणे किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागणे यांपैकी काहीही झाले तर तेथेच थांबून डॉक्टरांना गाठावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

रस्ता की तलाव?

चालण्याची जागा बदलल्याने लाभ बदलतो काय? लंडनमध्ये साठ वर्षांवरील व्यक्तींना एकदा वाहनांनी गजबजलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि एकदा हाइड पार्क या उद्यानात दोन-दोन तास चालवण्यात आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उद्यानात चालल्यावर फुप्फुसांची क्षमता आणि रक्तवाहिन्यांची लवचिकता सुधारली. रस्त्यावर चालल्यावर तो लाभ बराचसा नाहीसा झाला. हेब्बाळच्या चौकात बळ्ळारी रस्त्याच्या कडेने चालणे आणि दोन मिनिटांच्या अंतरावरील तलावाकाठी चालणे यांत निवड करताना हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. चालणे घडतच नसेल तर रस्ताही बरा, पण शक्य तेथे मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत जावे आणि वाहतूक वाढण्याआधी परतावे.

ही निवड उपलब्ध आहे ती आपोआप नाही. सांडपाणी आणि गाळ यांनी ग्रासलेल्या हेब्बाळ तलावाचे पुनरुज्जीवन १९९० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेच्या साहाय्याने झाले. त्यानंतर २००६ मध्ये तो देखभाल आणि विकासासाठी एका हॉटेल कंपनीला पंधरा वर्षांच्या कराराने देण्यात आला. तलाव सर्वांचा असून तो खासगी हातांत देऊ नये, अशी भूमिका घेऊन ‘एन्व्हायर्नमेंट सपोर्ट ग्रुप’ या संस्थेने २००८ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने न्या. एन. के. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०१२ मध्ये शहरातील तलावांच्या जतनासाठी आदेश दिले. ज्या काठावर कोणीही केव्हाही जाऊ शकतो, तेथे रोजचे चालणे घडते. प्रवेशाला मोल लागले की पहिल्यांदा गळतात ते घरकामाच्या बायका, निवृत्त कामगार आणि विद्यार्थी. व्यायामाची सर्वाधिक निकड असणारा वर्गही बऱ्याच अंशी हाच आहे.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने एप्रिलमध्येही येथील सकाळ सुसह्य असते. पाऊस बहुधा दुपारनंतर किंवा रात्री येतो आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत तो अधिक असतो. त्यामुळे चालण्याची वेळ सकाळची ठेवल्यास वर्षातील फार थोडे दिवस चुकतात. त्या दिवसांसाठी इमारतीचा जिना आहे. चढताना वर्दळ नसलेली बाजू धरावी, उतरताना कठड्याला हात असावा आणि गुडघे दुखणाऱ्यांनी चढून उद्वाहनाने खाली यावे.